कांगारूच्या कातड्याचा आठपदरी आसूड विणताना

माळावरचा_वारा

नमस्कार मंडळी. चारेक वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा धागा काढतोय आणि तोही आसुडावर, तेव्हा सांभाळून घ्या.

मी मूळचा बार्शीकडचा. सध्या ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमधल्या टुवूम्बाला असतो. ब्रिस्बेनहून पश्चिमेला सव्वाशे किलोमीटर, घाट चढून आलं की हे गाव, आणि पुढे डार्लिंग डाउन्सचा माळ. तिथली माती काळी, चिकट, उन्हात भेगाळणारी. आपल्याकडच्यासारखीच बेसॉल्टपासून झालेली. कापूससुद्धा पिकतो. पहिल्या पावसात बुटाला अर्धा किलो चिखल लागला आणि परकेपणा निम्मा गेला.

शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशीच्या घरातले. उमेदीत घोड्यावरून गुरांचे कळप हाकत शेकडो मैल जायचे. आता ते काम मोटरसायकल आणि हेलिकॉप्टरवर होतं. त्यांच्या पडवीत खिळ्याला एक स्टॉकव्हिप, म्हणजे गुरं हाकायचा आसूड, टांगलेला असतो. एके दिवशी त्यांनी तो काढून मागच्या मोकळ्या जागेत एकदाच फटकारला. आवाज बंदुकीचा! माझा हात आपोआप कानावर गेला. त्या दिवसापासून हे खूळ डोक्यात बसलं ते बसलंच.

आधी वस्तू समजून घ्या. दोन भाग असतात. दांडी वेताची, साधारण हातभर लांब, वरून बारीक वाद्यांनी (चामड्याच्या अरुंद पट्ट्यांनी) विणून काढलेली. आणि गोफ, म्हणजे पुढचा लवचीक भाग. माझा सहा फुटी आहे. हे दोन्ही एकमेकांना शिवलेले नसतात. दोघांच्या टोकाला चामड्याची एकेक कडी असते, तिला कीपर म्हणतात. दोन रबरबँड एकमेकांत अडकवावेत तशा त्या अडकवायच्या. त्यामुळे दांडी ताठ राहते आणि गोफ बिजागरीवर फिरल्यासारखा वळतो. सिनेमात दिसतो तो बुलव्हिप, त्यात दांडी आणि गोफ अखंड असतात. मी एकदा आजोबांसमोर याला बुलव्हिप म्हणालो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

गोफाच्या टोकाला एकेरी जाड वादी जोडतात, तिला फॉल म्हणतात. (साडीचा नव्हे.) फॉलच्या टोकाला वीतभर पिळलेला नायलॉनचा दोरा, तो क्रॅकर. आवाज तिथे होतो, झीजही तिथेच. क्रॅकर फाटला की दुसरा बांधायचा, गोफ वर्षानुवर्षं टिकतो.

कांगारूच का? कातडं जेमतेम एक मिलिमीटर जाड, पण चार मिलिमीटरची वादी मनगटाला गुंडाळून हिसके दिले तरी माझ्याने तुटली नाही. त्यातले तंतू पृष्ठभागाला समांतर, सरळ पसरलेले असतात आणि चरबी कमी असते. गायीच्या कातड्यात तंतूंची गुंतवळ असते; ते तासून एवढं पातळ केलं की गुंतवळ कापली जाते आणि जोर जातो.

आता माझी फजिती. मला वाटलं होतं, अवघड काम विणायचं असणार. म्हणून महिनाभर बुटाच्या नाड्यांवर आठपदरी गोफ घोटला. आठ पदर, चार डावीकडे, चार उजवीकडे. सगळ्यात वरचा डावा पदर घ्यायचा, मागून फिरवून उजवीकडे आणायचा, दोनांखालून, दोनांवरून, परत आपल्या बाजूला. मग उजवा तसाच. आठवड्याभरात बोटांना कळलं. टीव्ही बघत विणायला लागलो.

आणि मग कातडं कापायला घेतलं.

कातडं चकलीसारखं गोल गोल कापत आत जायचं, म्हणजे लांबच लांब अखंड वादी मिळते. डाव्या अंगठ्याचं नख हीच पट्टी, उजव्या हातात सुरी स्थिर, आणि कातडं ओढायचं. पण गोल कापलं की वादी कधी पाठीवरून जाते, कधी पोटावरून. पाठीचं कातडं कमी ताणतं, पोटाचं जास्त. म्हणून आधी वादी हवी त्याहून रुंद कापायची, पूर्ण ताण देऊन ओढायची, आणि मग दुसऱ्यांदा मापात कापायची: वरच्या टोकाला रुंद, खाली निमुळती. शेवटी दोन्ही कडा तिरक्या तासायच्या, म्हणजे मंगलोरी कौलांसारखे पदर एकमेकांवर चपखल बसतात.

मी दुसरं कापणं गाळलं. "एवढी छान एकसारखी वादी आलीय, कशाला?" असं वाटलं. सहा फुटांपैकी पहिले दोन फूट देखणे आले. तिसऱ्या फुटाला दोन पदर ओढताना बारीक झाले आणि गोफात डोळे (फटी) पडले, आतलं पोट दिसायला लागलं. मी जोर लावून ओढलं, शेजारचे पदर सरकले. शेवटी जे झालं ते अजगराने ससा गिळल्यासारखं दिसत होतं.

आजोबांनी गोफ हातात घेतला, डोळे मिटून अंगठा फिरवला आणि बरोबर त्या जागी थांबले. म्हणाले, विणणं हाताचं काम आहे, कुणालाही येतं. आसूड सुरीखाली होतो.

दुसरा घालायला घेतलाय. प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.

सांजवात

शीर्षक बघून घाबरत घाबरत उघडला, म्हटलं कुणाची धुलाई चाललीय. सुंदर लिहिलंय! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आतलं पोट म्हणजे काय ते नीट सांगा ना.

पेठेतला_काका

लेख उत्तम, पण शब्दाचं बोलू. टांगेवाल्याच्या हातात असतो तो चाबूक. शिक्षा म्हणून ओढायचे तो कोरडा. बैल हाकायचा आणि पोतराजाच्या हातातला तो आसूड. तुमचं प्रकरण घोड्यावर बसून गुरांसाठी, म्हणजे चाबूक म्हणावं की आसूड, हा प्रश्न राहतोच. उगीच खुसपट नाही काढत, शब्द बरोबर असावा एवढंच.

माळावरचा_वारा

@काका, आमच्याकडे चुलते बैलांवर ओढायचे त्याला आसूडच म्हणायचे, तोच शब्द ओठावर आला. आणि "चाबूक विणला" म्हटलं की मला का कोण जाणे टांगा दिसतो.

@सांजवात, गोफ पोकळ नसतो. मध्ये निमुळती चामड्याची पट्टी, तिच्यावर चारपदरी वीण, हे पोट. त्यावर एक पातळ पट्टी गुंडाळतात, म्हणजे गोलाई येते. त्यावर बाहेरची आठपदरी वीण. कुल्फीवर कुल्फी चढवल्यासारखं. वजन वरून खाली हळूहळू कमी होत गेलं पाहिजे. मध्ये कुठे एकदम पातळ किंवा जाड झालं, तर लाट तिथे अडखळते आणि आसूड मोडल्यासारखा वाकतो. माझ्या पहिल्याचं हेच झालं. आवाज सोडा, तो फटकारला की स्वतःच्याच गुडघ्याला गुंडाळायचा.

कोल्हापूरची_वेणी

इथे मला बोलायलाच हवं. आमच्या घरात चपलांचं काम तीन पिढ्यांचं. आजोबा बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं वापरायचे, आजही तेच. सोलला म्हशीचं, वरच्या पट्ट्यांना शेळीचं. पट्ट्यांवरची वेणी घरातल्या बायका घालतात. आजी रापी (कातडं कापायची सुरी) हातात घ्यायची नाही, पण वादी कापून आली की पहिल्यांदा ती काय करायची माहितीये? दोन्ही हातांत धरून कानाजवळ ताणायची. "रडती का बघ" म्हणायची. कमी-जास्त ताणणारी वादी ताणताना बारीक करकरते. ती बाजूला काढायची.

तुमच्या गोफात डोळे पडले त्याचं कारण नुसतं कापणं नसेल. वाद्या कोरड्या होत्या का? आमच्याकडे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि विणताना ओलसरच वापरतात. कोरडी वादी वाकते, बसत नाही. वाळल्यावर सगळं आवळून येतं.

आणि एक. "विणणं कुणालाही येतं" हे तुमच्या आजोबांना म्हणावं, एकदा कोल्हापूरला या.

माळावरचा_वारा

@कोल्हापूरची_वेणी, हा प्रतिसाद मी छापून घेतलाय. कानाजवळ ताणून बघितलं. खरंच रडते! उरलेल्या आठपैकी तीन वाद्या बाद केल्या.

ओलसरपणाचं इथेही आहे, फक्त पाण्याऐवजी साबण. अंगाचा साबण किसायचा, पाण्यात उकळायचा, त्यात चरबी विरघळवायची आणि थंड झाल्यावर ते लोण्यासारखं मलम वाद्यांना चोळायचं. पदर एकमेकांवरून सरकतात आणि घट्ट ओढता येतात. पहिल्या वेळी हे मी घरात गॅसवर केलं. तेव्हा आई इथे आली होती आणि श्रावण चालू होता. पुढचं सांगत नाही. आता गॅरेजमध्ये विजेच्या शेगडीवर करतो आणि ते भांडं घरात येत नाही.

आजोबांना तुमचं वाक्य भाषांतर करून सांगितलं. हसले. म्हणाले, मान्य.

पिवळा_भंडारा

सोलापूर जिल्हा, हजर. आमच्या गल्लीत पोतराज यायचा, केस मोकळे, कमरेला खणांचे तुकडे, पायात घुंगरं. त्याचा आसूड चामड्याचा नसायचा, वाखाचा जाडजूड पीळ. अंगावर ओढायच्या आधी हवेत फिरवून कडाडायचा आणि आम्ही पोरं आजीच्या पदरात. खूप वर्षांनी एका म्हाताऱ्या पोतराजाला विचारलं, लागत नाही का? म्हणाला, "आवाज निघाला की लागत न्हाई, आवाज न्हाई निघाला की लागतो." तुमच्या लेखात ते परत आठवलं. यामागे काही शास्त्र आहे का?

न्यूटनचा_नातू

@पिवळा_भंडारा, पोतराजाचं वाक्य अर्धं तरी भौतिकशास्त्राचं आहे. आवाज निघतो तेव्हा ऊर्जा हवेत जाते. (तरी कुणी प्रयोग करू नका.)

आसुडाचा आवाज हा आपटण्याचा नसतो. टोक कशालाही लागत नाही. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. आसुडाचं टोक तो ओलांडतं, आणि लढाऊ विमानाचा जसा सॉनिक बूम होतो तसाच छोटा बूम होतो. हाताने दिलेली ऊर्जा गोफातून वेटोळ्याच्या रूपात पुढे जाते. पुढे पुढे गोफ बारीक, वजन कमी, मग तेवढ्याच ऊर्जेला वेग वाढवावा लागतो. म्हणून निमुळतेपणा हा देखणेपणासाठी नाही, सगळा खेळ त्याचाच आहे.

गंमत अशी की टोकाचा वेग मोजला तेव्हा आवाज होण्याच्या क्षणी तो ध्वनीच्या सुमारे दुप्पट आढळला. मग ध्वनीचा वेग ओलांडला त्याच क्षणी आवाज का नाही? ॲरिझोना विद्यापीठातल्या ॲलेन गोरिएली आणि टायलर मॅकमिलन यांनी २००२ मध्ये याचं गणित मांडलं: आवाज टोकाचा नसून वेटोळ्याचा आहे. वेटोळं ध्वनीच्या वेगाला पोचतं तेव्हा टोक त्याच्या दुप्पट वेगाने जात असतं.

धागाकर्त्याच्या सशाचं उत्तर यातच आहे. मध्ये फुगवटा आला की वेटोळं तिथे मंदावतं.

माळावरचा_वारा

"सशाचं उत्तर" :D

गोंयकार_म्हज्या_गांवचो

गोफ शब्द वाचून हसलो. आमच्याकडे काणकोणात शिगम्याला गोफ नाचतात. वर मध्यभागी दोऱ्या बांधलेल्या, प्रत्येकाच्या हातात एक रंगीत दोरी, आणि नाचता नाचता एकाने आतून, दुसऱ्याने बाहेरून जायचं. नाच संपेपर्यंत वर सुंदर वेणी तयार. मग उलटं नाचून ती सोडवायची. लहानपणी एकदा मी चुकीच्या बाजूने गेलो, सगळ्यांचा गोफ अडकला. तुमच्या दोन खाली, दोन वरमध्ये मला ते पाय दिसले. देव बरें करूं.

माळावरचा_वारा

@गोंयकार, हे मला आधी कळलं असतं तर महिनाभर नाड्यांवर घालवला नसता. आठ माणसं बोलावली असती.

हिरवा_चाफा

सगळे कौतुकात आहेत म्हणून विचारते, राग मानू नका. मुकं जनावर मारून त्याच्या कातड्याचा चाबूक करायचा आणि तो दुसऱ्या मुक्या जनावरावर चालवायचा, यात छंद कसला? नाइकी आणि प्युमानेही २०२३ मध्ये कांगारूचं कातडं सोडत असल्याचं जाहीर केलं, ते काही उगाच नाही.

माळावरचा_वारा

@हिरवा_चाफा, राग कसला. दोन प्रश्न आहेत, वेगवेगळे बोलतो.

दुसरा आधी. स्टॉकव्हिप गुरांच्या अंगावर मारायचा नसतो. कळपाच्या बाजूला हवेत आवाज काढायचा, त्या आवाजाने गुरं वळतात. अंगावर ओढणाऱ्याला आजोबांच्या काळात कळपाजवळ उभं करत नसत, असं ते सांगतात. सगळे तसेच वागले असतील असं मी म्हणणार नाही.

पहिला प्रश्न अवघड आहे. इथे काही ठरावीक जातींची कांगारू परवाना आणि सरकारी कोट्याखाली मारली जातात, मांसासाठी आणि कातड्यासाठी. त्यांची संख्या प्रचंड, शेतीचं नुकसानही होतं. पण मादी मारली की पिशवीतलं पिल्लूही जातं, आणि प्राणिप्रेमी संघटनांचा मुख्य आक्षेप तोच आहे. त्यावर माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. मी दोन कातडी घेतली, तेवढीच. तुम्हाला पटत नसेल तर नायलॉनच्या पॅराकॉर्डचा, म्हणजे बारीक मजबूत दोरीचा, आसूड सुरेख होतो. आवाजही उत्तम. पावसात भिजला तरी बिघडत नाही, हे चामड्याला जमत नाही.

हिरवा_चाफा

सरळ उत्तराबद्दल आभार. पॅराकॉर्डवर वेगळा धागा काढा, वाचेन.

पेठेतला_काका

सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला, १५ सप्टेंबर २००० ला, एकटा घोडेस्वार मैदानात आला होता, घोडा मागच्या पायांवर उभा केला आणि आसूड कडाडला. मग सगळीकडून घोडे धावत आत. टीव्हीवर पाहिलं होतं. तोच का हा?

माळावरचा_वारा

@काका, तोच. आणि बघा, तुम्हीच "आसूड कडाडला" लिहिलंत!

पेठेतला_काका

चाबूक कडाडला म्हटलं तर मजा येत नाही, हे मान्य.

नवशिक्या_पुणे

मला करून बघायचाय. पुण्यात कांगारूचं कातडं कुठे मिळणार? आणि पहिल्यांदा किती पदरी घ्यावा?

माळावरचा_वारा

@नवशिक्या, कांगारू विसरा. पहिला आसूड चारपदरी, पाच फुटी, वनस्पतीने कमावलेल्या चामड्याचा करा, क्रोमने कमावलेल्याचा नको. ते रबरासारखं ताणतं. पातळ हवं तर शेळीचं. पण ते कांगारूपेक्षा जास्त ताणतं, म्हणून दोनदा ताण द्या, दोनदा कापा. बाकी @कोल्हापूरची_वेणी सांगतीलच.

विकत घेताना हाताने बघून घ्या. मी सुरुवातीला एका ऑनलाइन दुकानातून "आसुडासाठी खास" म्हणून मागवलं. आलं ते सोफ्याचं मऊ चामडं. परत पाठवायचा खर्च किमतीएवढा. त्याच्या आता पट्ट्या करून टोमॅटोची झाडं बांधलीत.

सुरी दर पाच मिनिटांनी चामड्याच्या पट्टीवर घासा. बोथट सुरीने वादी कापली जात नाही, फाटते. विणताना गोफाचं वरचं टोक हुकाला अडकवा, खुर्चीच्या पायाला नको, कंबर जाते. दर वितीला थांबून खालचे पदर मोजा. मी एकदा सातच विणत होतो आणि आठवा खाली लोंबत होता.

गोफ पुरा झाला की जमिनीवर दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये ठेवून पायाने लाटा. चपटेपणा जातो, वीण बसते. हा सगळ्यात आनंदाचा भाग आहे. पोळी लाटल्यासारखा गोफ गोल होताना दिसतो.

फटकारायला शिकताना डोळ्यांना गॉगल, डोक्यावर रुंद टोपी, लांब बाह्या. हे थट्टेत घेऊ नका. माझ्या डाव्या कानाची पाळी दोन आठवडे सुजलेली होती. जोर अजिबात लावायचा नाही. गोफ मागे पूर्ण सरळ होऊ द्यायचा, मग दांडी पुढे आणून थांबवायची. बाकीचं तो करतो.

कोल्हापूरची_वेणी

@नवशिक्या, शेळीचं घेताना पाठीचा भाग मागा. पोटाचा स्वस्त देतात, घेऊ नका. वादी कापली की कानाजवळ धरा.

माळावरचा_वारा

सहा आठवड्यांनी अपडेट. दुसरा पुरा झाला. काल आजोबांकडे घेऊन गेलो. त्यांनी तसाच डोळे मिटून अंगठा फिरवला, कीपरपासून फॉलपर्यंत. दोनदा. मी श्वास धरून. साडेचार फुटांच्या आसपास थांबले, नखाने एका जागी टोकरलं आणि म्हणाले, इथे एक पदर उलटा तासलाय, खालची कड वर आलीय.

बघितलं तर खरंच. मला दिसलाही नव्हता.

मग उठले, मागच्या अंगणात गेले आणि माझ्याच आसुडाने एक फटकारा दिला. शेजारच्या गल्लीतली सगळी कुत्री भुंकायला लागली.

सांजवात

अहाहा! फोटो टाका हो.

माळावरचा_वारा

शनिवारी टाकतो. क्रॅकर फाटलाय, आधी नवा पिळून बांधतो.